जुना स्प्लिट केन फ्लाय रॉड: पारख, लाइनची निवड आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून बांबूचा एक फ्लाय रॉड, म्हणजे हलकी कृत्रिम माशी फेकून मासे धरण्याची काठी, ३० पौंडांना घेतला. रॉड तीन तुकड्यांचा असून जोडल्यावर सुमारे ९ फूट भरतो. सोबत शेंड्याचा एक जादा तुकडा आणि कापडी पिशवी आहे. बुंध्याकडच्या भागावर काळ्या शाईने काहीतरी लिहिलेले होते, पण आता त्यातले ‘मेड इन इंग्लंड’ एवढेच वाचता येते. दोन शेंड्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा अडीच इंचांनी आखूड आहे. हा रॉड कोणी आणि कधी केला असेल, त्यावर कोणत्या वजनाची लाइन, म्हणजे माशी फेकण्याची दोरी, चालेल आणि तो पाण्यावर नेला तर मोडेल का, असे त्यांनी विचारले आहे.

मी या प्रश्नांची उत्तरे विचारलेल्या क्रमाने देणार नाही. नावाची उत्सुकता स्वाभाविक असली तरी जुन्या रॉडच्या बाबतीत नाव सर्वांत शेवटी विचारावे. नामांकित कारखान्याच्या रॉडचा सरस सुटला असेल आणि सांधे सैल झाले असतील, तर तो भिंतीवर टांगण्यापुरताच उरतो. उलट ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही अशा कारागिराचा रॉड आतून घट्ट असेल, तर तो अजून कित्येक हंगाम बिनतक्रार चालतो.

सुरुवातीला हा खरोखर फ्लाय रॉडच आहे ना, याची खात्री करून घ्यावी, कारण ब्रिटनच्या जुन्या बाजारात तरंडी लावून किंवा चमच्यासारखे धातूचे आमिष फेकून मासे धरण्याचे बांबूचे रॉड फ्लाय रॉडपेक्षा कितीतरी जास्त सापडतात आणि विक्रेते ते सगळे एकाच नावाखाली विकतात. फ्लाय रॉडमध्ये रीळ मुठीच्या खाली, अगदी बुडाशी बसते. त्याची बुचाची मूठ वितभर लांब असते आणि लाइन ओवायच्या कड्या बारीक तारेच्या, नागमोडी वळणाच्या असतात. मूठ दोन फूट लांब असेल, तिच्यावर रीळ कुठेही सरकवून बसवण्यासाठी दोन सैल कडी असतील आणि रॉडवरच्या कड्या उंच व मोठ्या असतील, तर तो दुसऱ्या कामाचा रॉड समजावा. त्यावर फ्लाय लाइन चढवण्याचा खटाटोप करू नये.

त्यानंतर पाहायचे ते साहित्य. अखंड, गोल, तांबूस-तपकिरी लाकडाचा आणि कुठेही उभी रेघ नसलेला रॉड बहुधा ग्रीनहार्टचा असतो. दक्षिण अमेरिकेतील गयानाचे हे लाकूड इतके टिकाऊ असते की गोद्यांच्या बांधकामातही ते वापरले गेले. पण रॉडच्या रूपात ते जुने झाले की कसलीही पूर्वसूचना न देता तुटते, म्हणून ग्रीनहार्टचा रॉड मी कोणालाही मासेमारीसाठी सुचवत नाही. काचतंतूचा रॉड पोकळ असतो आणि रंग न दिलेला असल्यास उजेडासमोर धरल्यावर किंचित पारभासक दिसतो. काचतंतूचे रॉड दुसऱ्या महायुद्धानंतर आले. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनमधून होणारी आयात बंद केल्यावर चांगला बांबू मिळेनासा झाला आणि काचतंतूचा जम बसला. कार्बन तंतूचे रॉड १९७० च्या दशकातले. आपला रॉड यांपैकी कोणताच नाही. वर्णनावरून तो स्प्लिट केनचा आहे, म्हणजे बांबूच्या सहा त्रिकोणी कामट्या एकमेकींना चिकटवून केलेला षट्कोनी रॉड.

या कामट्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण रॉडची खरी ओळख तिथेच पटते. बांबूचे बळ त्याच्या सालीलगतच्या दाट धाग्यांत असते. आतला गर जवळजवळ निरुपयोगी असतो. म्हणून प्रत्येक कामटी अशी रंधायची की तिची बाहेरची बाजू सालीचीच राहील आणि आतले दोन उतार ६० अंशांचा कोन करतील. अशा सहा कामट्या जुळल्या की धाग्यांचे कडे सगळीकडून बाहेर येते. उत्तम कामात बांबूची पेरे एका रेषेत येऊ दिलेली नसतात. शेजारच्या कामट्यांतली पेरे मुद्दाम मागेपुढे ठेवलेली असतात, म्हणजे एकाच जागी दुबळेपणा साठत नाही. रॉड हातात फिरवत सहाही बाजूंची पेरे मोजत जावी. एकाच कड्यात सहाच्या सहा पेरे आलेली दिसली, तर काम स्वस्तातले आहे असे निःशंक समजावे.

विसाव्या शतकातील बहुतेक चांगले रॉड दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील सुई नदीकाठच्या ‘टोंकिन’ बांबूचे आहेत. त्याआधी इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर ‘कलकत्ता केन’ वापरत. तो भारतातून जाणारा बांबू आपल्याकडच्या मानवेलीच्या जातीचा. मेळघाटात किंवा गडचिरोलीत जिची बेटे पाहायला मिळतात, तीच ही मानवेल. कलकत्ता केनवर भाजल्याचे काळपट डाग असत. कामट्यांवर असे अनियमित डाग असतील आणि पेरे जवळजवळ असतील, तर रॉड एकोणिसाव्या शतकातला असण्याची शक्यता वाढते. मात्र जुनेपणाचा आभास आणण्यासाठी पुढे टोंकिनलाही मुद्दाम ज्योतीने डाग दिले गेले, म्हणून एकट्या डागांवरून काळ ठरवू नये.

काळाच्या इतर खुणा अधिक भरवशाच्या आहेत. कड्या रॉडवर उभ्या न राहता लोंबत असतील, तर तो रॉड खूपच जुना, एकोणिसाव्या शतकातला. रॉडभर इंच-इंचावर रेशमी दोऱ्याचे बारीक बांध घातलेले असतील, तर तो बहुधा युद्धापूर्वीच्या काळातला, कारण तेव्हा कामट्या जनावरांच्या सरसाने चिकटवत आणि ओलीत सरस सुटण्याची भीती असे. युद्धानंतर कृत्रिम राळेचे डिंक आले, तसे हे बांध कमी होत गेले. तरी काही कारखान्यांनी केवळ शोभेसाठी ते पुढेही चालू ठेवले. बुंध्यावर लाइनचा क्रमांक, म्हणजे ‘५’ किंवा ‘६’ असा आकडा असेल, तर तो रॉड १९६१ नंतरचा, कारण अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने लाइनच्या वजनाची ही पद्धत तेव्हाच रूढ केली. आपल्या रॉडवर असा आकडा नाही, लाल रेशमाचे बारीक बांध आहेत आणि मुठीजवळच्या पहिल्या कडीत अकीक बसवलेला आहे असे आपण लिहिता. या सगळ्याचा मेळ घालता दोन महायुद्धांमधला किंवा फार तर १९५० च्या आसपासचा, मध्यम प्रतीचा इंग्रजी रॉड, असा माझा अंदाज आहे.

आता प्रकृती. हा भाग घाईने उरकू नये. प्रत्येक तुकडा वेगळा करून खिडकीच्या दिशेने धरावा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखे एक डोळा मिटून सहाही बाजूंवरून पाहावे. शेंड्याला एका बाजूला किंचित बाक असणे जुन्या रॉडमध्ये नेहमीचे आहे. मासा खेळवताना रॉड वर्षानुवर्षे एकाच बाजूला वाकल्याने तो येतो. अर्ध्या-पाऊण इंचाच्या बाकाने काही बिघडत नाही. मात्र बाक एकाच बिंदूत मोडल्यासारखा, कोपऱ्यासारखा दिसला, तर तिथे आतले धागे चिरडलेले असतात आणि पुढेमागे रॉड तिथेच तुटणार, हे गृहीत धरावे.

नंतर भिंग घेऊन कामट्यांमधल्या रेषा तपासाव्यात. सुस्थितीत रेष केसासारखी बारीक आणि सलग असते. कुठे ती काळी पडलेली दिसली, तर त्या फटीतून पाणी आत गेले आहे. अंगठ्याच्या नखाने तिथे हलकेच दाबून पाहावे. कामट्यांच्या कडा एकमेकींवर सरकल्याचे जाणवले, तर सरस सुटला आहे. मग तुकडा दोन्ही हातांत धरून अगदी थोडा वाकवावा आणि कानाजवळ न्यावा. निरोगी बांबू काही बोलत नाही. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला, तर तो सुटलेल्या सांध्याचा. दुकानात रॉड हातात घेऊन हवेत झटके देण्याची बऱ्याच जणांना सवय असते. त्याने काही कळत तर नाहीच, पण आधीच दुखावलेला शेंडा जागेवर मोडू शकतो.

सर्वांत जास्त बिघाड फेरूलमध्ये, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळ्यांमध्ये सापडतो. चांगले फेरूल जर्मन सिल्व्हरचे असतात, साधे पितळेचे किंवा पितळेवर मुलामा दिलेले. नर भाग मादी भागात शेवटपर्यंत, एकसारख्या प्रतिकाराने जायला हवा आणि ओढून काढताना ‘पॉक’ असा आवाज यायला हवा. तो आवाज आला की हवाही निसटणार नाही इतका सांधा नेमका आहे असे समजावे. रॉड जोडून हलवताना सांध्यातून टकटक ऐकू येत असेल, तर दोष धातूत आहे की धातू आणि बांबूच्या मध्ये, हे आधी ठरवावे लागते. फेरूलची कड आणि तिला लागून असलेला बांबू अशा दोन्हींवर एकाच वेळी बोट ठेवून दुसऱ्या हाताने रॉड अलगद हलवावा. बोटाखाली त्या कडेशी हालचाल लागली, तर फेरूल बांबूवरून सुटले आहे आणि ते काढून पुन्हा चिकटवता येते. हालचाल धातू-धातूमध्ये असेल, तर फेरूल झिजले आहे. त्याची दुरुस्ती खर्चिक असते आणि ३० पौंडांच्या रॉडला ती क्वचितच परवडते.

आखूड शेंड्याचे उत्तर सोपे आहे. तीन तुकड्यांच्या बहुतेक रॉडमध्ये सर्व तुकडे सारख्या लांबीचे असतात, त्यामुळे एक शेंडा अडीच इंच आखूड असेल, तर तो कधीतरी टोकाशी मोडला आणि कोणीतरी टोकाची कडी पुन्हा बसवून दिली, एवढाच त्याचा अर्थ. अशा शेंड्याचा सर्वांत बारीक भाग गेलेला असतो, म्हणून तो थोडा ताठ वागतो. त्याला निकामी समजू नका. सवय होईपर्यंत सराव त्याच्यावरच करा आणि पूर्ण लांबीचा शेंडा जपून ठेवा. पूर्वी रॉडसोबत दोन शेंडे देत, ते हाच प्रसंग ओळखून.

लाइनच्या बाबतीत बहुतेकांची गल्लत होते, कारण जुन्या रॉडच्या काळात लाइन वजनाने नव्हे तर जाडीने ओळखली जाई. रेशमी लाइनवर एचडीएच अशी अक्षरे असत आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक जाडी. एच म्हणजे ०.०२५ इंच, डी म्हणजे ०.०४५ इंच. दोन्ही टोके बारीक आणि मध्य जाड, असा त्याचा अर्थ. आजच्या मोजणीत एचईएच साधारण ४ क्रमांकाला, एचडीएच ५ ला आणि एचसीएच ६ ला येते. १९६१ नंतरची पद्धत लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन पाहते: ४ क्रमांकासाठी १२० ग्रेन, ५ साठी १४० आणि ६ साठी १६०, म्हणजे अनुक्रमे पावणेआठ, नऊ आणि सव्वादहा ग्रॅमच्या आसपास. आपल्या रॉडसाठी मी आधी ५ क्रमांकाची, दोन्हीकडून निमुळती होणारी डबल टेपर लाइन लावून पाहीन, आणि ती हलकी वाटली तरच ६ कडे जाईन. ७ क्रमांकाच्या लाइनने रॉड कदाचित मोडणार नाही, पण शेंड्याला बाक मात्र नक्की येईल.

ही परीक्षा पाण्यावर न घेता मोकळ्या गवतावर घ्यावी. माशीऐवजी टोकाला लोकरीचा लहान गोंडा बांधावा, टोकाच्या कडीपुढे ३० फूट लाइन सोडावी आणि सावकाश मागेपुढे फेकून पाहावे. हाताला ढकलल्याचा भास होत राहिला आणि रॉड वाकल्याचे जाणवलेच नाही, तर लाइन हलकी आहे. शेंडा ढेपाळला, लाइनचा फास रुंद होऊन खाली पडू लागला, तर ती जड आहे. योग्य लाइनने वाक मुठीच्या जरा वरपर्यंत उतरल्याचे हाताला कळते. आपण नेहमी लहान ओढ्यावर, २० फुटांच्या आतच मासेमारी करणार असाल, तर एक क्रमांक जड लाइन चालते, कारण तेवढ्या अंतरात लाइनचे पूर्ण वजन रॉडवर येतच नाही. आजची प्लॅस्टिकची लाइन त्याच वजनाच्या रेशमी लाइनपेक्षा जाड असते आणि जुन्या बारीक कड्यांतून ती अडखळत जाते. म्हणून प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा ओढून पाहावा. अकीकाला बारीक तडा गेला असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. अशी कडी बदलली नाही, तर ती नव्या लाइनची साल काढते.

आता नावाकडे येतो. ब्रिटनमध्ये सर्वाधिक शोधले जाणारे नाव हार्डी ब्रदर्सचे. नॉर्थंबरलँडमधील ॲनिक येथे १८७२ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याचे स्प्लिट केन रॉड ‘पॅलाकोना’ या नोंदणीकृत नावाने विकले जात. त्यांच्यावर बुंध्याला नाव, नमुन्याचे नाव आणि क्रमांक असे, आणि त्या क्रमांकावरून वर्ष काढता येते. ॲबरडीनच्या शार्प्सचे रॉड राळेत मुरवलेले असत, म्हणून त्यांना वरून व्हार्निशची फारशी गरज नसे. फ्रान्समधील आंब्वाझच्या पेझों ए मिशेल यांचे, मासेमारीचे जाणकार शार्ल रिट्झ यांच्या कल्पनेतून आलेले ‘पॅराबोलिक’ रॉड मुठीपर्यंत वाकतात आणि हाताळायला वेगळेच लागतात. रेडिच हे सुया आणि गळ बनवणारे गाव. तिथल्या ऑलकॉक आणि मिलवर्ड यांनी मध्यम प्रतीचे रॉड मोठ्या संख्येने बाजारात आणले. याखेरीज कारखान्याने रॉड करायचा आणि दुकानदाराने त्यावर आपले नाव घालायचे, ही पद्धत सर्रास होती. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने मुंबईतही शाखा काढली होती, तिची काळा घोड्याची इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. तिथे विकलेला रॉड कोणत्या कारखान्यात झाला, हे त्यावरच्या नावावरून कळत नाही. एक सावधगिरी: लाकडी पेटीत मुठी, शेंडे आणि भडक रंगीत बांध असलेला संच कोणी अमूल्य म्हणून दाखवला, तर तो युद्धानंतर जपानमधून मोठ्या प्रमाणावर गेलेला स्वस्त माल असण्याचीच शक्यता अधिक.

आपल्या रॉडवरची पुसट अक्षरे वाचायची असतील, तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून पाहावे किंवा छायाचित्र काढून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवावा. तिथे स्पिरिट मात्र लावू नये. जुने व्हार्निश स्पिरिटमध्ये विरघळते आणि शाईही त्याच्यासोबत जाते. अशी धुऊन काढलेली नावे मी बरीच पाहिली आहेत. त्याच कारणाने फेरूल साफ करताना स्पिरिटचा बोळा फक्त धातूवर फिरवावा. तेल, वॅसलीन किंवा पॉलिशपेपर फेरूलला कधीही लावू नये. तेलात धूळ धरते आणि पॉलिशपेपरने निघालेला धातू परत येत नाही. बांबूसाठी ओलसर फडके आणि लगेच कोरडे फडके, एवढे पुरते. रॉड चकचकीत करण्यासाठी सगळे व्हार्निश खरवडून नवे बांध घालण्याचा मोह आवरावा. सुटलेला एखादा बांध त्याच रंगाच्या रेशमाने घालून वर व्हार्निशचे दोन पातळ हात दिले की काम झाले.

तो पाण्यावर मोडेल का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. वरच्या तपासणीतून उतरलेला रॉड मासा मोडत नाही. मोडतो तो धरणारा. कार्बनच्या रॉडची सवय असलेला हात फार घाई करतो. बांबू जड असतो आणि वाकून परत यायला वेळ घेतो, म्हणून मागे फेकलेली लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे आणि मगच पुढे आणावी; लाइन दूर जात नाही म्हणून जोर वाढवला, तर ती आणखी जवळ पडते. ३० ते ४० फुटांचे अंतर हे या रॉडचे घर. शिसे घातलेल्या जड निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या माश्या, त्यावर फेकू नयेत, कारण त्या परतताना बांबूवर आदळल्या की सालीचे धागे तुटतात. लीडरचे, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधल्या बारीक दोऱ्याचे, टोक चार-पाच पौंड वजनाच्या ताणाला तुटणारे ठेवावे, म्हणजे प्रसंगी आधी नायलॉन तुटेल. माशी फांदीत किंवा दगडात अडकली तर रॉड वाकवून ओढू नये. रॉड सरळ तिच्या दिशेने रोखावा आणि लाइन हाताने खेचावी. मासा जाळ्यात घ्यायच्या वेळी रॉड मागे खांद्यापलीकडे नेऊ नये, त्या कोनात सगळा भार शेंड्याच्या शेवटच्या वितीवर येतो. मोठा मासा खेळवताना मधूनमधून रॉड उलटा करून कड्या वर घ्याव्यात, म्हणजे बाक एकाच बाजूला येत नाही. इंग्लंडमध्ये १३ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा रॉड परवाना लागतो आणि त्या त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी वेगळी, हे आपल्याला माहीत असेलच.

संध्याकाळी तुकडे सुटे करताना पिळू नयेत. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरावा, हात दोन्ही बाजूंना फेरूलपासून थोड्या अंतरावर ठेवावेत आणि गुडघे बाहेर दाबत नेले की सांधा सरळ रेषेत निघतो. फेरूल अडकलेच, तर दुसऱ्या माणसाला समोर उभे करून दोघांनीही फेरूलच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक हात ठेवून एकदम ओढावे. पक्कड लावू नये. सुटे तुकडे पुसून रात्रभर पिशवीबाहेर ठेवावेत आणि सकाळी कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगावेत, कारण कोपऱ्यात टेकवून ठेवलेला बांबू टेकल्या बाजूला झुकत जातो. इंग्लंडमधल्या हिटर लावलेल्या खोलीत बांबू सुकून आक्रसतो आणि फेरूल सैल होते, म्हणून रॉड रेडिएटरजवळ ठेवू नये. हा रॉड पुढे कधी मुंबईला किंवा कोकणात आणलात, तर अडचण उलटी होईल: पावसाळ्याच्या दमट हवेत पिशवीला बुरशी धरते, त्यामुळे ते चार महिने तो पिशवीबाहेर, वारा लागेल अशा जागी टांगलेला बरा.